लेकीसाठी मुलींची शाळा: मँचेस्टरला जाण्याआधी

मावशी, नमस्कार.

आम्ही लंडनमधल्या हॅरोमध्ये राहतो. माझा नवरा डॉक्टर आहे आणि त्याला दक्षिण मँचेस्टरमधल्या एका रुग्णालयात जागा मिळते आहे. ऑगस्टमध्ये बिऱ्हाड हलवायचं आहे. लेक नुकतीच सात वर्षांची झाली, इयर टूमध्ये आहे. धाकटा मार्चमध्ये चारचा होईल.

लेक लाजाळू आहे. तिच्या वर्गात चार-पाच मुलांचं टोळकं आहे. ते तिच्या हातातला चेंडू काढून घेतात, ती बोलायला लागली की मोठ्याने हसतात. एक दिवस घरी येऊन ती म्हणाली, “आई, मला फक्त मुलींच्या शाळेत घाल.” तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच आहे. सासूबाई सांगलीच्या कन्याशाळेत शिकल्या, त्यांनाही ते पटतंय. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेतून पुढे आला. तो म्हणतो, आत्ता सरकारी शाळा, मग ट्रॅफर्डमधली ग्रामर (परीक्षा घेऊन प्रवेश देणारी सरकारी माध्यमिक शाळा), उगाच पैसे घालवू नकोस.

दोन खाजगी मुलींच्या शाळा बघितल्या. एक लहान, बाग सुंदर, इयर थ्रीत ११ मुली, मुख्याध्यापिकेला प्रत्येकीचं नाव पाठ. गेटवर इन्स्पेक्शनमध्ये ‘एक्सलंट’ मिळाल्याचा फलक आहे. नर्सरीत आता मुलगेही घेतात. फी टर्मला ४,२०० पौंड अधिक व्हॅट. दुसरी शाळा म्हणजे एका मोठ्या, ११ ते १८ च्या मुलींच्या शाळेचा ज्युनिअर विभाग. दोन तुकड्या, प्रत्येकीत १८ मुली, जानेवारीत परीक्षा, शाळेच्या बसने ४० मिनिटं. फी ५,१०० पौंड, व्हॅट धरून. डिड्सबरीत घर बघतोय, तिथून सरकारी शाळा चालत सात मिनिटांवर, वर्गात २९ मुलं. मी घरून अर्धवेळ आयटीचं काम करते, फी माझ्या हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होईल. शिवाय आम्ही व्हिसावर आहोत, ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट आहे, त्यामुळे सरकारी शाळेचा हक्क आहे का याचीही धास्ती वाटते.

मी घाबरून मुलींची शाळा निवडते आहे का? काय करू?

अनघा (नाव बदललं आहे)

*

प्रिय अनघा,

आधी धाकट्याचं बघू. त्याच्याबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, पण तुझ्या घरातली सगळ्यात जवळची तारीख त्याची आहे. मार्चमध्ये चारचा होणारा मुलगा येत्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गाला, जाणार. सरकारी शाळेतल्या रिसेप्शनच्या अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी असते. अर्ज तुम्ही आज जिथे राहता त्या काउन्सिलकडे, म्हणजे हॅरोकडेच करायचा असतो, आणि त्यात दुसऱ्या काउन्सिलच्या हद्दीतल्या शाळाही लिहिता येतात. तेव्हा डिड्सबरीची ती शाळा लिही आणि हॅरोमधलीही एक-दोन लिहून ठेव, बदली लांबली तर पोरगं शाळेविना राहायला नको. सध्याच्या पत्त्यावरून अंतर मोजतील तेव्हा तुमचा नंबर फार मागे लागेल, हे उघड आहे. तरी अर्ज वेळेत केलेला असावा. भाडेकरार हातात आला की त्याच दिवशी काउन्सिलला नवा पत्ता कळव. उत्तरं १६ एप्रिलला येतात.

धाकट्यापासून सुरुवात करण्याचं आणखी एक कारण आहे. मुलींची शाळा निवडताना भावाचा विचार मागे पडताना मी अनेक घरांत पाहिला आहे. ताईला वर्षाला पंधरा हजार पौंडांची शाळा आणि दादूला गल्लीतली, असं चाललं तर तो दहा वर्षांचा झाल्यावर विचारणारच. उत्तर देता येत नाही असं नाही. दोघांच्या गरजा वेगळ्या असू शकतात. पण ते उत्तर तुम्हा दोघांकडे आज हवं, आणि हिशोब करताना दोन मुलांचा हवा.

आता तुझा प्रश्न. त्या लहान शाळेत घालू नकोस. मोठ्या शाळेची परीक्षा दे. पैशांचं गणित बसलं आणि लेक त्या दिवशी तिथे रमली, तर ती शाळा घे. नाही बसलं तर घराजवळची सरकारी शाळा घे, आणि ती मनापासून घे, नाइलाज म्हणून नको. हे मी कसं ठरवलं ते सांगते, कारण तुझी कारणं वेगळी असतील तर निर्णयही वेगळा होईल.

तू विचारलंस, मी घाबरून निवडते आहे का. थोडी घाबरून, हो, आणि ते समजण्यासारखं आहे. सात वर्षांच्या पोरीने तोंड उघडलं की चार जण हसतात, हे ऐकून कुठल्या आईच्या पोटात तुटणार नाही? पण त्याचा बंदोबस्त आत्ताच्या शाळेने करायचा आहे, आत्ताच करायचा आहे. ऑगस्टपर्यंत वाट बघू नकोस. या आठवड्यात वर्गशिक्षिकेची वेळ माग. कोणत्या दिवशी काय झालं ते तारखेसकट लिहून ने. त्या काय करणार ते विचार, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेटायची वेळ तिथेच ठरवून घे. वर्षाचे अजून सात-आठ महिने उरले आहेत. ‘पुढच्या वर्षी आपण जाणारच आहोत’ म्हणून ते सोसत काढायला लावलं, तर त्रास झाला की जागा सोडायची एवढंच ती शिकेल. नव्या शाळेतही तेच मनात घेऊन जाईल, मग ती शाळा कितीही चांगली असो.

मी इथल्या प्राथमिक शाळांत शिकवलं आहे, मिश्र शाळांत आणि मुलींच्या शाळेतही. लाजाळू मुलीवर मुलींची शाळा हे औषध नाही. मुलगे चेंडू ओढून घेतात, ते सगळ्यांना दिसतं, खेळाच्या मैदानावरच्या बाई शिट्टी वाजवतात. मुलींमध्ये या वयात जे चालतं ते पुष्कळदा दिसतच नाही. ‘आज तू आमच्यात नाहीस.’ ‘तिच्याशी बोललीस तर माझ्या वाढदिवसाला यायचं नाही.’ इयर थ्री आणि फोरमध्ये मैत्रीचे गट सारखे मोडतात आणि नव्याने जुळतात. तीन जणींच्या मैत्रीत एक जण बाहेर पडते, मग दुसरी. हे वाईट मुलींचं लक्षण नाही, त्या वयाचं आहे. चांगली शाळा त्यावर काम करते. पण त्या कामाला जागा लागते, आणि इथेच मला त्या ११ मुलींच्या वर्गाची काळजी वाटते.

अकराचा वर्ग ऐकायला किती छान वाटतो. शिक्षिकेचं लक्ष, वहीतली प्रत्येक चूक तपासलेली, मुख्याध्यापिकेला नावं पाठ. वाचन-गणितासाठी तो खरोखर चांगला आहे. मैत्रीसाठी मात्र फार लहान आहे. अकरांपैकी तिघी नर्सरीपासून एकत्र, दोघी एकमेकींच्या शेजारी राहणाऱ्या, एक-दोन जणी वर्षभरात सोडून जाणाऱ्या. तुझी लेक बाहेरून, सप्टेंबरात, कुणालाच न ओळखता तिथे जाणार. तिला आपलीशी वाटेल अशी मुलगी त्या उरलेल्या चार-पाचांत असेलच असं नाही. आणि कुणाशी बिनसलं, तर दुसऱ्या तुकडीत हलवायची सोय नाही, कारण दुसरी तुकडीच नाही. चार वर्षं त्याच अकरा जणी. मोठ्या शाळेत ३६ मुली आहेत. तिथे पुस्तकात डोकं खुपसून बसणारी, किडे गोळा करणारी, कमी बोलणारी अशी एखादी तरी सापडते, आणि लाजाळू मुलीला एकच पुरते. दरवर्षी तुकड्यांची अदलाबदल करतात का, हे मात्र त्यांना विचार. काही शाळा करतात, काही नाही.

लहान शाळेबद्दल दुसरी काळजी तिच्या टिकण्याची आहे. नर्सरीत मुलगे घ्यायला लागणं यात वाईट काहीच नाही. पण शाळा हळूहळू मिश्र होणार असल्याचं ते पहिलं पाऊल असू शकतं, आणि तू तर मुलींची शाळा म्हणूनच पैसे मोजणार आहेस. सरळ विचार: मुलांची ती तुकडी दरवर्षी वर सरकणार का? माझी मुलगी इयर सिक्समध्ये असेल तेव्हा शाळा कशी असेल? तशा बऱ्याच मुलींच्या शाळांनी गेल्या काही वर्षांत मुलग्यांना दार उघडलं आहे, आणि पटसंख्या घटल्याने बंद झालेल्या लहान खाजगी शाळाही आहेत. अंदाज बांधत बसू नकोस, तपास. सरकारच्या ‘गेट इन्फर्मेशन अबाउट स्कूल्स’ या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची मुलांची संख्या आणि क्षमता दिलेली असते, खाजगीचीसुद्धा. शाळा धर्मादाय संस्था असेल तर तिचे वार्षिक हिशोब चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कुणालाही वाचता येतात. कंपनी असेल तर कंपनीज हाउसवर. तीन वर्षांचे हिशोब शेजारी ठेवून बघ: पट वाढतोय की उतरतोय, दरवर्षी तूट येते का. तुला आकड्यांची सवय आहे, एका संध्याकाळचं काम.

गेटवरच्या त्या ‘एक्सलंट’बद्दल. खाजगी शाळा तपासणाऱ्या इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टरेटने सप्टेंबर २०२३ पासून नवी पद्धत आणली. तेव्हापासून त्यांच्या अहवालात असे शेरे नसतात, ठरलेले निकष पूर्ण झाले की नाही एवढंच सांगतात आणि बाकी वर्णन करतात. म्हणजे तो फलक त्याआधीच्या तपासणीचा आहे. तेव्हाच्या मुख्याध्यापिका आणि शिक्षक आता तिथे आहेत का, ते बघायला हवं. दोन्ही शाळांचा ताजा अहवाल डाउनलोड करून पूर्ण वाच, विशेषतः मुलांच्या सुरक्षिततेचा भाग आणि शेवटी दिलेल्या शिफारशी. आणखी एक माहीत असू दे. खाजगी शाळांना राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारक नाही आणि इयर सिक्सच्या सॅट्स परीक्षाही घ्याव्या लागत नाहीत. त्यामुळे सरकारी शाळेचे आकडे आणि यांचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करता येत नाही. तिथे तुला वह्याच बघाव्या लागतील.

आता मुलींच्या शाळेच्या बाजूने बोलते, कारण मी त्यांची मनापासून चाहती आहे. सासूबाईंना कन्याशाळेबद्दल जे वाटतं ते पोकळ नाही. मँचेस्टर हायस्कूल फॉर गर्ल्स १८७४ साली निघालं, आपल्या पुण्यातली हुजूरपागा १८८४ साली, विथिंग्टन गर्ल्स स्कूल १८९० साली. साधारण एकाच काळात, दोन्हीकडे, मुलींना भूमिती आणि विज्ञान नीट शिकवावं म्हणून माणसं धडपडत होती. मताधिकारासाठी लढलेल्या ख्रिस्टाबेल आणि सिल्व्हिया पँकहर्स्ट मँचेस्टर हायस्कूलच्याच विद्यार्थिनी. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं, तोवर या शाळांनी मुलींच्या कित्येक पिढ्या शिकवून बाहेर काढल्या होत्या.

आज कारण वेगळं आहे. मुलींच्या शाळेत गोलकीपर मुलगीच असते, ड्रम वाजवणारी मुलगीच, बॅटरीला वायर जोडून दिवा लावणारीही मुलगीच. वर्गातली कुठलीच जागा ‘त्यांची’ नसते. सात-आठ वर्षांच्या पोरीला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, ती ते रोज बघते. मोठेपणी त्याचा परिणाम दिसतो असं मानायला आधारही आहे. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सच्या २०१२ च्या अहवालात आढळलं की मुलींच्या शाळेतल्या मुलींची, मिश्र शाळांतल्या मुलींपेक्षा, बारावीच्या बरोबरीच्या ए-लेव्हलला भौतिकशास्त्र घेण्याची शक्यता जवळजवळ अडीच पट होती. अर्थात ही गोष्ट सोळाव्या वर्षानंतरची आहे, आणि त्यात घरची परिस्थिती, शाळेची निवड असं बरंच काही मिसळलेलं असतं. तुझ्या लेकीच्या पुढच्या चार वर्षांचा निर्णय त्यावर बेतू नकोस. तो आनंद मात्र खरा आहे, आणि परवडत असेल तर त्यासाठी पैसे मोजण्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

परवडतं का, ते बघू. तुला लहान शाळा टर्मला ९०० पौंडांनी स्वस्त वाटते आहे. ती तशी नाही. जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे. ४,२०० ‘अधिक व्हॅट’ म्हणजे ५,०४०. दुसरीकडे ५,१०० मध्ये तो आधीच धरलेला. फरक उरला ६० पौंडांचा. आणि तू पाठवलेल्या कागदांत मोठ्या शाळेच्या फीत दुपारचं जेवण आहे, लहान शाळेच्या फीत नाही. म्हणजे लहान शाळाच महाग पडेल. दोन्हीकडे बसचे पैसे, गणवेश, वाद्य शिकवणी, सहली, शाळा सुटल्यानंतरचा क्लब हे वेगळं. त्यांच्या कार्यालयाकडून गेल्या वर्षी इयर थ्रीच्या एका मुलीचं प्रत्यक्ष बिल किती झालं, हा एकच आकडा माग.

मोठ्या शाळेचं तीन टर्म मिळून वर्षाचं झालं १५,३००. फी दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर इयर थ्री ते सिक्स मिळून सुमारे ६६,००० पौंड होतात. पुढे सीनिअरची फी आणखी जास्त. तेव्हा दोन वेगळे प्रश्न तुम्हा दोघांना एकमेकांना विचारायचे आहेत. ही चार वर्षं झेपतील का? आणि अठरापर्यंत झेपेल का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी पहिलं ‘हो’ असू शकतं, त्यात काही गैर नाही. चार वर्षं मुलींच्या शाळेत काढून अकराव्या वर्षी सरकारी शाळेत गेलेल्या कितीतरी मुली आहेत. फक्त ते आधी ठरलेलं असावं, आणि लेकीलाही वेळेत सांगितलेलं असावं.

माझा सल्ला असा: डिसेंबरपासून दर महिन्याला १,२७५ पौंड वेगळ्या खात्यात टाक. वर्षाची फी भागिले बारा, एवढीच ती रक्कम आहे. जुलैपर्यंत त्याला हात लावू नका. भारताचं तिकीट, गाडीची दुरुस्ती, सासूबाईंची तब्येत, सगळं उरलेल्या पैशांत भागवून बघा. जमलं तर वर्षभराची बरीचशी फी साठलेली असेल. नाही जमलं तर शाळेत नाव घालण्याआधी कळेल, नंतर नाही. आणि हे तुझ्या पगारातून जाणार असं तू लिहिलंस, ते मला खटकलं. घराच्या उत्पन्नातून जाणार आहे. तुझ्या नोकरीचं काही झालं तर मुलीची शाळा गेली, हे ओझं तू एकटीने डोक्यावर घेऊ नकोस.

नवऱ्याच्या ग्रामरच्या बेताबद्दल त्याला एक गोष्ट सांग. डिड्सबरी मँचेस्टर शहराच्या काउन्सिलमध्ये येतं, आणि शहरात सरकारी ग्रामर स्कूल नाही. ग्रामर आहेत त्या शेजारच्या ट्रॅफर्डमध्ये. आल्ट्रिंगम गर्ल्ससारख्या शाळा परीक्षा पास झालेल्यांमध्येही आसपास राहणाऱ्या मुलींना प्राधान्य देतात. म्हणजे तो बेत खरा असेल तर घर सेल, टिंपर्ली, आल्ट्रिंगमकडे बघायला हवं. लगेच नाही, पण इयर फाइव्हच्या आधी नक्की. माध्यमिकचे अर्ज इयर सिक्सच्या ३१ ऑक्टोबरला बंद होतात आणि ग्रामरची नावनोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यात. पहिलं वर्ष भाड्याने राहा. शहर पायाखाली आल्याशिवाय घर घेऊ नका. आणि खाजगी ज्युनिअर शाळेतून ग्रामरच्या परीक्षेची तयारी आपोआप होते असं समजू नका. ज्या शाळेचं स्वतःचं सीनिअर आहे तिला आपल्या मुली आपल्याकडेच ठेवायच्या असतात, आणि ते साहजिक आहे.

मोठ्या शाळेला यावरून एक प्रश्न नक्की विचार: ज्युनिअरमधून सीनिअरमध्ये प्रवेश आपोआप होतो की अकराव्या वर्षी पुन्हा परीक्षा? गेल्या तीन वर्षांत इयर सिक्समधल्या किती मुलींना ‘इथे नको’ असं सांगितलं, आणि त्या कुठे गेल्या? उत्तर आकड्यात मिळालं पाहिजे. ‘आम्ही प्रत्येकीसाठी योग्य वाट शोधतो’ हे उत्तर झालं नाही. एखादी मुलगी मागे पडली तर शाळा काय करते, यातून शाळा जेवढी कळते तेवढी निकालाच्या पत्रकातून कळत नाही.

तू दोन्ही शाळा ओपन डेला पाहिल्यास, असं दिसतंय. पुन्हा जा, साध्या कामाच्या दिवशी, शक्यतो पावसाच्या. मँचेस्टरला असा दिवस शोधावा लागणार नाही. पाऊस असला की मधल्या सुट्टीत मुली आतच असतात, आणि त्या अर्ध्या तासात वर्ग खरा दिसतो: कोण एकटी बसली आहे, मोठ्यांपैकी तिथे कोण आहे, ते तिच्याजवळ जातंय का. जेवणाच्या हॉलमध्ये उभी राहा. शाकाहारी ताटात रोज चीजचा सँडविच आहे की शिजवलेलं अन्न, ते बघ. तुला फिरवून दाखवणाऱ्या मुलीला ‘शाळा आवडते का’ विचारू नकोस, ‘काल सुट्टीत काय खेळलात’ विचार. शिक्षिकेकडून वर्गातल्या मधल्या मुलीची वही बघायला माग, सगळ्यात हुशार मुलीची नको. तीन महिन्यांपूर्वीचं पान आणि आजचं पान लावून बघ. वर्षाच्या मध्ये आलेल्या शेवटच्या मुलीसाठी पहिल्या महिन्यात काय केलं, ते विचार. ज्यांनी काही केलं असेल त्या लगेच सांगतील.

हेच सगळं घराजवळच्या सरकारी शाळेतही कर. तू तिच्याबद्दल फक्त ‘वर्गात २९’ एवढंच लिहिलंस, आत जाऊन पाहिलेली दिसत नाही. पाच ते सात वर्षांच्या वर्गांना एका शिक्षकामागे ३० ची कायदेशीर मर्यादा असते, इयर थ्रीपासून ती नसते, तेव्हा पुढे वर्ग वाढतो का ते विचार. पण सात मिनिटं चालत जाणारी शाळा ही लाजाळू मुलीसाठी फार मोठी गोष्ट आहे. मैत्रिणी त्याच रस्त्यावर राहतात. शाळा सुटल्यावर बागेत अर्धा तास रेंगाळता येतं. घरी खेळायला बोलावणं सोपं. डिसेंबरात मँचेस्टरला चारच्या आधी सूर्य मावळतो. चाळीस मिनिटांच्या बसमधून आलेली मुलगी अंधारात घरी पोचेल, दमलेली, आणि वाढदिवसाची आमंत्रणं निम्म्या चेशरभर पसरलेली असतील. शनिवारची मराठी शाळा, नाच, आजीशी फोन यांना वेळ उरतो का तेही बघ. शिवाय दोन्ही भावंडं एका शाळेत असली तर सकाळी एकाच फाटकाशी जायचं. लेकीला तिथे आधी जागा मिळाली तर धाकट्याला भावंड म्हणून बहुतेक शाळांत प्राधान्यही असतं.

व्हिसाची धास्ती सोडून दे. ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ या अटीत सरकारी शाळेतलं शिक्षण येत नाही. तुमच्या दोन्ही मुलांना त्या शाळेचा पूर्ण हक्क आहे. हे नवऱ्यालाही वाचून दाखव.

मोठ्या शाळेची जानेवारीतली परीक्षा म्हणजे इंग्रजी, गणित, थोडं तर्काचं, आणि उरलेला दिवस वर्गात. तिच्यासाठी शिकवणी लावू नकोस. रोज तिच्याबरोबर मोठ्याने वाच, पाढे म्हणा, एवढं पुरे. लाजाळू मूल अनोळखी खोलीत गप्प बसेल म्हणून आधीच कार्यालयाला कळव, आणि ते कसं हाताळतात ते ऐक. ते उत्तरही तुझ्या निर्णयाचा भाग आहे. संध्याकाळी तिला ‘कसं झालं’ विचारू नकोस. ‘जेवताना शेजारी कोण होतं?’ विचार. नाव सांगितलं तर चांगलं लक्षण. आणि तिला दोन्ही शाळा दाखव, तिचं ऐक, पण ‘तूच ठरव’ असं म्हणू नकोस. सात वर्षांच्या मुलीवर ते ओझं फार होतं.

जागा मिळालीच, तर सही करण्याआधी करार शेवटच्या ओळीपर्यंत वाच. डिपॉझिट तर असतंच. बहुतेक शाळांत मूल काढायचं असेल तर पूर्ण एका टर्मची आगाऊ सूचना द्यावी लागते, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते. जुलैत काढायचं असेल तर उन्हाळी टर्म सुरू होण्याआधी कळवायचं. आणि हा नियम बहुतेक वेळा शाळा सुरू होण्याआधीच, जागा स्वीकारल्यापासून लागू होतो. नवऱ्याच्या नोकरीचं पत्र आलेलं नाही, व्हिसा नव्या रुग्णालयाच्या नावावर बदलायचा आहे. ते दोन्ही हातात येईपर्यंत सही नको. मुदत वाढवून मागायला संकोच करू नकोस, कारण सांगितलं तर कित्येक शाळा दोन-तीन आठवडे थांबतात.

तेव्हा या आठवड्यात तीन कामं: लेकीच्या वर्गशिक्षिकेची भेट, हॅरोच्या संकेतस्थळावर धाकट्याचा अर्ज, आणि मोठ्या शाळेला सीनिअरच्या प्रवेशाबद्दल ईमेल. त्यांच्याकडून आकडे आले की मला पाठव, आपण मिळून बघू.

तुझी,
मावशी